प्लेटमधली तुमची बाजू

परवा तुमच्या तेराव्याला निघताना मी सवयीनं डबा भरला. दोन पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, वर पाण्याची बाटली. धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या एसटीत बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि पारोळा मागं पडल्यावर कुठं माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय. अकरा वर्षं असोद्याला तुमच्या दारात मी हाच डबा घेऊन उतरले. तुम्ही ओट्यावर उभ्या असायच्या आणि आधी माझ्या तोंडाकडे नाही, पिशवीकडे बघायच्या. "आनला का मुराळी सोबत?" असं त्या डब्याला म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. परवा ओट्यावर कोणी नव्हतं. मुराळी मात्र आला होता.

विहीणबाई, तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. मला पत्रं लिहायची सवय, तुम्हाला वाचायचा कंटाळा. माझी पत्रं तुम्ही वैशालीकडून वाचून घ्यायच्या आणि मधेच म्हणायच्या, "हां, मास्तरीनबाईचं सुरू झालं." हेही मी तिलाच देणार आहे, पण मोठ्यानं वाचायला नाही, तिचं तिला. तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलंय. ते मी मिटवलं की नाही, ते तिलाही कळायला हवं.

वैशाली माझी एकुलती. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले, तेव्हा लग्न मी एकटीनं उभं केलं, धुळ्यातल्याच एका कार्यालयात. तुमच्या प्रवीणच्या लग्नात तुम्ही वरमाय म्हणून पाटावर बसलात आणि मी तुमचे पाय धुतले. टाचांना शेतातल्या भेगा होत्या. पाणी जरा जास्तच गरम झालं होतं, पण तुम्ही पाय ओढून घेतला नाहीत. हळूच म्हणालात, "पुरे व माय, तुमचे बी पाय दुखत असतीन." आमच्याकडच्या बायका नंतर म्हणाल्या, विहीण चांगली मिळाली हो. मला तेव्हा कोणाचंच बोलणं आत जात नव्हतं. एवढंच कळत होतं की आता माझी मुलगी या बाईच्या घरात राहणार, आणि त्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हे मला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं. माझी आई माझ्याकडे यायची तेव्हा अशीच तहानलेली बसायची. चार वर्षं. मग वैशाली झाली. बाराव्या दिवशी आई आली, पाळण्यात डोकावली आणि मागं वळून मला म्हणाली, "पानी दे वं बेटा." तो तांब्या मी दोन्ही हातांनी धरून नेला होता. आईनं तो एका दमात रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं मोठं काही दिलेलं नाही. वैशालीला मला नेमकं तेच द्यायचं होतं. मी नाकारत नव्हते हो विहीणबाई, मी वाट बघत होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

वाट लांबत गेली. दोन वर्षं, चार, सहा. जळगावचे डॉक्टर झाले, नाशिकचे झाले, नवस झाले. मी आपली दर दोन महिन्यांनी यायची, तुमच्या ओसरीत बसायची, तासन्‌तास बोलायची आणि तहान लागली की चपला घालून गल्ली ओलांडायची. समोरच्या अक्का माझी सोय बघायच्या. शेजारच्या घरचं चालतं, त्याला काही बंधन नाही. डबा नुसता जवळ असायचा. तो उघडायची वेळ अक्कांनी फारशी येऊ दिली नाही. त्यांचा चहा म्हशीच्या घट्ट दुधाचा. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी. त्या भाजीतल्या काळ्या मसाल्याला एक खमंग, जरासा कडवट शेवट होता. जिभेवर उशिरा यायचा आणि रेंगाळायचा. आपल्याकडे प्रत्येक घरचा काळा मसाला वेगळा, हे खान्देशातल्या बाईला सांगावं लागत नाही. मी परत येऊन तुमच्यासमोर मुद्दाम म्हणायची, "काही म्हणा विहीणबाई, अक्कांसारखा मसाला कोणाला जमायचा नाही." तुम्ही पदर तोंडाशी नेऊन म्हणायच्या, "हो ना व, अक्काच्या हाताले चव हायेच." मला वाटायचं, लागलं तुम्हाला. खरं सांगते, थोडं लागावं असंच मला वाटायचं. माझी मुलगी तुमच्या ताटाला ताट लावून जेवताना बघितली की मला हेवा वाटायचा, आणि त्याचा राग मी अक्कांच्या भाजीचं कौतुक करून काढायची.

सापुतारा झालं नसतं तर आपण तशाच राहिलो असतो. ओसरीतल्या दोन विहिणी, एक घोट पाण्याचं अंतर ठेवून.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी प्रवीणनं गाडी घेतली आणि दिवाळी झाल्यावर सगळ्यांना फिरायला न्यायचं काढलं. तुमचे मालक, ज्यांना सगळा गाव नाना म्हणतो, ते केळीची बाग सोडून यायला तयार होईनात. "केयीले पानी कोन देईन?" हे त्यांचं एकच. तुम्ही पिशवी उचललीत आणि म्हणालात, "मंग तुमी केयीसंगं राहा, मी विहीनबाईसंगं जाते." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही शेत सोडून नुसतं फिरायला निघाला होतात. घाटात तुम्हाला मळमळलं, मी आवळासुपारी दिली. ती तुम्ही घेतलीत. तुमच्याकडून मी काही घेत नव्हते, तुम्ही मात्र माझ्याकडून घेत होतात, याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

पहिल्या संध्याकाळी तलावासमोरच्या हॉटेलात गेलो. पांढरे टेबलक्लॉथ होते. तुम्ही आधी त्या कापडाचा कोपरा बोटांत धरून पोत बघितलात, दुकानात लुगडं बघावं तसा. मुलांनी स्टार्टर मागवले, पनीर टिक्का आणि हरा भरा कबाब. प्लेट टेबलावर आली तशा तुम्ही वेटरला म्हणालात, "भाकर आना ना संगं." प्रवीणनं समजावलं की आई, हे जेवण नाही, जेवणाआधीचं आहे. "जेवनाआधी? भूक मोडाले?" तुम्ही इतक्या गंभीरपणे विचारलंत की मला हसू आवरेना. तुमच्यासोबत मी हसले ते तेव्हा पहिल्यांदा.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मला नको, भूक नाही. जावयाच्या पैशाचं खाणंही मला जडच जात होतं. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"विहीनबाई, हे घर कोनाचं?"

"हॉटेलवाल्याचं."

"वैशालीचं तं नही?"

"नाही."

"माह्यं बी नही?"

"नाही हो."

"मंग खा." आणि तुम्ही प्लेट ओढून आपल्या दोघींच्या मधोमध ठेवलीत.

उजवी बाजू माझी, डावी तुमची. सात कबाब होते. तीन-तीन झाले आणि सातवा मधे उरला. मी तो तुमच्याकडे सरकवला, तुम्ही माझ्याकडे, मी परत तुमच्याकडे. शेवटी तुम्ही चमच्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिलात. जेवण आपापलं झालं, मग गोड आलं: एका वाटीत गरम गुलाबजाम आणि त्यावर आइस्क्रीम. "गरम हाये का थंडं, एक काय ते सांगा ना," असं तुम्ही त्या वाटीलाच दटावलंत आणि मग तीही मधोमध ठेवलीत. वैशाली समोर बसली होती. तिचा चमचा हातातच राहिला होता आणि ती आपल्या दोघींच्या त्या एका वाटीकडे बघत होती. मला वाटलं, तिला गंमत वाटतेय. तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं, आणि आइस्क्रीम गार आहे म्हणून असेल असं स्वतःला सांगितलं. शाळेत तीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या मी, आणि घरचं असं वाचलं.

मग दर दिवाळीनंतर ते ठरूनच गेलं. महाबळेश्वर झालं, इंदूर झालं, मांडवगड झालं. गाव बदलायचं, हॉटेल बदलायचं, पण पहिली प्लेट आणि शेवटची वाटी आपल्या दोघींत एक. स्टार्टरला थट्टा चालायची. तुम्ही आमच्या धुळ्याकडच्या बोलीची नक्कल करायच्या, "बठ्ठं शे ना, बठ्ठं शे," आणि मी तुमच्या "सगयं"ची; दोन्हींचा अर्थ एकच, सगळं. मंचुरियनचा गोळा काट्यानं पकडताना तो उडून शेजारच्या टेबलाखाली गेला तेव्हा तुम्ही अशा चेहऱ्यानं छताकडे बघत बसलात की जणू तो त्या लोकांचाच होता. गोड आलं की मात्र तुमचा आवाज खाली यायचा. खरं तुम्ही नेहमी गोडाबरोबर बोललात. प्रवीणच्या आधी तुमची दोन मुलं गेली, हे मला इंदूरला रबडीच्या वाटीवर कळलं. चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा तुम्ही तीन दिवस जेवला नव्हतात, हे महाबळेश्वरला. आणि मांडवगडला कुल्फी खाताना, अगदी सहज, तुम्ही सांगितलंत की गावात एका हळदीकुंकवाला एक बाई वैशालीला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. तेव्हा तुम्ही तिच्या हातातला करंडा काढून घेतलात, पहिलं कुंकू वैशालीला लावलंत, आणि करंडा परत देत म्हणालात, "आता लाव दुसऱ्याले." मी तुमचा हात धरला होता तेव्हा. आठवतं ना? मी म्हटलं होतं, तुमच्यासारखी सासू शोधून सापडायची नाही. तुम्ही काहीतरी बोलणार होतात. मग कुल्फी गळायला लागली आणि राहिलं.

काय बोलणार होतात ते मला गेल्या दिवाळीनंतर कळलं. पुन्हा सापुतारा, पुन्हा तेच तलावासमोरचं हॉटेल. या वेळी मुलांनी शेवटी तापल्या तव्यावरची ती चॉकलेटची ब्राउनी मागवली. पिकल्या केसांचा वेटर ती चरचरत घेऊन आला, वरून चॉकलेट ओतलं आणि धूर उठला. "माय व, पेटलं ना हे!" म्हणत तुम्ही खुर्ची मागं सरकवलीत. तोही हसला, आपणही हसलो. मुलं फोटो काढायला तलावाकडे गेली. तवा आपल्या मधोमध होता आणि आइस्क्रीम कडेनं उकळत होतं.

"विहीनबाई, एक सांगू? रागवू नका."

"सांगा की."

"आता माह्या घरी पानी पेत जा."

मी म्हटलं, "आपलं ठरलंय ना ते. नातवंड झालं की पहिला तांब्या तुमच्याकडचा."

"अन नही झालं तं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी तोंडावर विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "तुमी पानी नको म्हनता तव्हा मले काही वाटत नही. मी मोठी बाई हाये, राग येते अन जाते. पन पोरगी माठापाशी उभी राह्यते ना, तिले ते आयकू जाते."

"काय ऐकू जातं?"

"का तिच्यात कमी हाये. गावातल्या बायांचं तोंड मी धरलं, विहीनबाई. तुमचं कसं धरू?"

मला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणतात. आज वाटतं ती भीती होती. मी म्हणाले, "माझ्या लेकीचं मला शिकवू नका. मी जन्म दिलाय तिला." शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की दोन मुलं गमावलेल्या बाईला मी काय बोलले. पण मागं घेणं मला कधी जमलेलं नाही. तुम्ही तवा माझ्याकडे थोडा सरकवलात. "खा, थंडं हून राह्यलं," एवढंच म्हणालात. मी हात लावला नाही. तुम्हीही मग तुमच्या बाजूचं खाल्लं नाहीत. वेटर आला आणि ते तसंच घेऊन गेला. परतीच्या वाटेवर तुम्ही पुढं बसलात, मी मागं, आणि धुळं येईपर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही. मला घरापाशी उतरवलं तेव्हा तुम्ही काच खाली करून म्हणालात, "येते व." मी म्हणाले, "हं."

संक्रांतीला तुमचाच फोन आला. मी थंडीचं विचारलं, नानांच्या खोकल्याचं विचारलं, केळीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्यात या, मसाल्याले मानूस लागते." मी म्हणाले, "बघू." तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द तो. माझ्याकडे दुसरे शब्द तयार होते. रात्ररात्र घोळवलेले होते, चुकले म्हणून, माफ करा म्हणून. उन्हाळ्यात समोरासमोर बोलू असं ठरवून मी ते ठेवून दिले होते.

माघात एका सकाळी प्रवीणचा फोन आला.

मी पोहोचले तेव्हा तुम्हाला ओसरीत ठेवलं होतं, जिथं आपण बसायचो त्याच जागी. घर बायकांनी भरलेलं. वैशाली तुमच्या उशाशी होती. डोळे सुजलेले, आवाज गेलेला. कोणीतरी पाण्याचा तांब्या फिरवत होतं. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा वैशालीनं तिथूनच हात वर केला. फाटक्या आवाजात त्या बाईला म्हणाली, "आईला नको. तिच्यासाठी समोर अक्कांकडे सांगा." बाई मला ओलांडून पुढच्या बाईकडे गेली.

तुम्ही म्हणाला होतात ना, तिले आयकू जाते? मला ते त्या क्षणी ऐकू आलं. आईसारखी सासू समोर निजलेली, आणि या पोरीला अकरा वर्षांच्या सवयीनं माझं पाणी सांभाळायचं होतं. माझ्या वाट बघण्याचं ओझं तिनं त्या दिवशीही खाली ठेवलं नव्हतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, दे गं इकडे तो तांब्या. नाही म्हणाले. उठले, गल्ली ओलांडली आणि अक्कांच्या ओट्यावर बसून पाणी प्याले. लिहायला लाज वाटते, पण हे असंच झालं.

आणि परवा मी पुन्हा डबा घेऊन आले.

गल्लीत मांडव घातला होता. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि शिरा. मोठ्या रांधणाला आचारी होता, पण भाजी वैशालीनं घरातच केली होती. नाना खांबाला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "तुमची मैतरीन गेली व बाई." विहीण म्हणाले नाहीत. मी पिशवी ओट्यावर ठेवली, जिथं तुम्ही उभ्या राहायच्या तिथं. मग बायकांच्या पंगतीत एका रिकाम्या पत्रावळीसमोर जाऊन बसले.

वैशाली भाजीची बादली घेऊन वाढत आली. माझ्या आधीच्या बाईला वाढलं. माझ्यापाशी आली, माझ्याकडे बघून ओळखीचं थोडं हसली, आणि मला ओलांडून पुढच्या बाईला वाढायला वाकली. तिला वाटलं, आई नुसती बायकांना सोबत म्हणून बसलीय. तिची काही चूक नव्हती.

"वैशाली," मी म्हणाले.

"काय गं आई?"

मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. तुमच्यापुढं बोलायचं राहिलं ते सगळं तिच्यापुढं. पण तोंडातून माझ्या आईचेच शब्द आले, तिच्याच बोलीतले, जे शाळेत शिकवायला लागल्यापासून मी तोंडात येऊ दिले नव्हते.

"पानी दे वं बेटा."

तिच्या हातातली बादली तिनं तिथंच खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्या आईची ती गोष्ट ठाऊक आहे. लहानपणापासून मीच दहादा सांगितलीय. "आई, पण अजून..." एवढं म्हणून ती थांबली. मी म्हटलं, "अजून काही नाही. लेकीच्या घरी आलेय मी. तहान लागलीय." ती आत गेली. माठावरच्या झाकणीचा आवाज आला. ती तांब्या घेऊन आली, आणि विहीणबाई, तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. मी सगळं पाणी प्याले. आईसारखं एका दमात मला जमलं नाही, मधे दोनदा थांबावं लागलं.

मग तिनं वाढलं. भाजीचा रस्सा पत्रावळीच्या कडेवर सांडला. मी बट्टी मोडली, पहिला घास घेतला. आणि जिभेवर उशिरा तो खमंग, जरासा कडवट शेवट आला आणि रेंगाळला.

ही अक्कांची भाजी होती.

मी वर बघितलं. अक्का वरण घेऊन समोरच उभ्या होत्या. मला काही विचारावंच लागलं नाही. त्या खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माह्याकडं कुठचा मसाला व माय? माही सून दुकानातला पुडा आनते. दूध तुमच्या विहीनबाईचं, पीठ तिचं, भाजी तिच्याच चुलीवरची. मांगच्या दारानं डबा येये, मी फकस्त वाढे. मले शपथ घातली होती. म्हने, माय उपाशी बसली तं पोरीच्या घशाखाली घास कसा उतरन?"

मी वैशालीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "डबा मीच भरायचे, आई," ती म्हणाली.

विहीणबाई, त्या तव्यापाशी तुम्ही हे एक वाक्य बोलला असतात तर मी जागच्या जागी गप्प झाले असते. अकरा वर्षं माझंच खातेस आणि मला जन्माच्या गोष्टी सांगतेस, एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क होता. तुम्ही नाही म्हणालात. तुमच्याच भाजीचं कौतुक मी तुम्हाला टोचायला वापरत होते, आणि तुम्ही पदर तोंडाशी नेत होतात तो हसू लपवायला. माझा नेम मोडला हे मला कळू नये म्हणून तुम्ही तो आपल्या पदरात झाकून ठेवलात. आणि मला मात्र सांगत राहिलात, उघड माझ्या घरी पी, पोरीच्या देखत पी. माझ्या पोटाची सोय तुम्ही कधीच केली होती. मागत होतात ते तिच्यासाठी. हे मला कळायला तुम्ही जायला हवं होतं का हो?

वाद तुम्ही जिंकलात. माझ्याकडून "चुकले" ऐकायला मात्र थांबला नाहीत. ते मी इथं लिहिते: चुकले. उन्हाळ्यात मसाल्याला मी येणार आहे. बरणीत अर्धाच उरलाय, वैशालीला प्रमाण ठाऊक आहे म्हणते, भाजायला मी बसेन. राहायला येणार आहे, डबा न घेता.

परवाचं एकच सांगायचं राहिलं. शिरा वाढायला आला तेव्हा मी वैशालीचा हात धरून तिला जवळ बसवलं. नवी पत्रावळ मागवू दिली नाही. शिऱ्याचे बोटानं दोन भाग केले, एक माझ्याकडे ठेवला आणि एक डावीकडे सरकवला, तुमच्या बाजूला. मग बराच वेळ आम्ही दोघीही त्याला हात लावू शकलो नाही. पंगत उठायला लागली तेव्हा वैशालीनं तुमच्या बाजूचा घास उचलला. मी माझा अर्धा या वेळी टाकला नाही.